वेरूळ दाखवणारा माणूस स्टुटगार्टात

रविवार

वाळूजच्या कुठल्याही मध्यम कारखान्यात एक माणूस असा असतो, ज्याच्या गळ्यात नेमणूकपत्रात नसलेलं एक काम कायमचं पडलेलं असतं: परदेशी पाहुण्यांना वेरूळ दाखवणं. आमच्याकडे तो मी. माझं खरं खातं क्वालिटीचं. पण सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद हे मला कंपनीच्या सुट्ट्यांपेक्षा पक्कं पाठ आहे. पाहुण्याचं विमान संध्याकाळचं असेल तर दौलताबाद, वेरूळ आणि परतीला बीबी का मकबरा अर्ध्या दिवसात कसा बसवायचा, हेही. कैलास लेण्यासमोर उभं राहून मी सांगतो की हे देऊळ बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय. पाहुणा ठरल्याप्रमाणे "ओ!" म्हणतो. मग मी घड्याळाकडे बघतो.

आता अशाच एका 'ओ!'वाल्याच्या कारखान्यात, स्टुटगार्टजवळ, आमच्यासाठी मशीन तयार झालं होतं. पेटीत बंद करून जहाजावर चढवण्याआधी तिथं जाऊन ते चालवून बघायचं होतं. त्यासाठी मी आणि मेंटेनन्सचे मामा. मामा जालन्याचे. अख्खी कंपनी त्यांना मामा म्हणते, एमडीसुद्धा. गळ्यात तुळशीची माळ, बॅगेत धपाट्यांची चळत आणि कारळाची चटणी, खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी. विमानतळाच्या तपासणीत धपाटे पहिल्या झटक्यात सुटले. व्हर्निअर काय असतं हे मात्र तीन माणसांना करून दाखवावं लागलं.

दुपारी हॉटेलात बॅगा टाकून बाहेर पडलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत होतं, पण आपल्याकडचं बंद म्हणजे शटर अर्धं खाली ओढून आतून माल देणं. हे खरोखरचं बंद होतं. मामांनी चौकात उभं राहून चारी बाजूंना बघितलं.

"सायेब, गावात कुणी गेलं का काय?"

सिग्नलला एक आजोबा कुत्र्याला घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत एक गाडी नाही, पण पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल. आजोबा उभे, कुत्राही उभा. आम्हीही मागे उभे राहिलो, कारण कुत्र्यापेक्षा बेशिस्त दिसणं बरं नव्हे. हिरवा लागल्यावर आधी कुत्रा निघाला. मामा म्हणाले, "याला आठ दिवस क्रांती चौकात ठेवायला पायजे, ट्रेनिंग द्यायला."

पाणी शेवटी पेट्रोल पंपावर मिळालं. पहिल्या घोटाला मामांनी बाटली हातभर लांब धरली. "सोडा निघाला!" इथं साधं पाणी मागायचं तर बुडबुडे नसलेलं, असं वेगळं सांगावं लागतं. बिलात पाण्याच्या किमतीवर आणखी २५ सेंट दिसले. रिकामी बाटली परत केली की ते परत मिळतात. मामांनी मनात गुणाकार केला, वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास उत्तर आलं आणि त्या क्षणापासून आमच्या खोलीत रिकाम्या बाटल्या साठू लागल्या.

दिवेलागणीला हरिपाठ म्हणायचा मामांचा नेम. पण दिवेलागण होईना. आठ वाजले, नऊ वाजले, समोरच्या इमारतीवर ऊन लख्ख. नवानंतर त्यांनी सूर्याची वाट बघणं सोडलं, पडदा ओढून घेतला आणि "देवाचिये द्वारी" सुरू केलं.

सोमवार

मशीनबद्दल इथं फार लिहीत नाही. ते टूर रिपोर्टात आहे आणि तिथंही कुणी वाचणार नाही. चाललं चांगलं. मामांनी कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला तेव्हा त्यांचे दोन तरुण इंजिनिअर आदरानं गप्प उभे राहिले.

कामापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन कळल्या. पहिली, गुरुवारी कॅथलिक सण आहे आणि या राज्यात त्याची सरकारी सुट्टी असते. दोन्ही कंपन्यांनी मिळून महिनाभर मेल करून आठवड्याचं वेळापत्रक ठरवलं होतं, त्यात हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. आणि गुरुवारी सुट्टी म्हटल्यावर मधला शुक्रवार कोण कामावर येतो! बहुतेक जण रजा टाकून मोकळे झालेले. मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे हे मपल्यासारखेच हायेत की." मग यजमानांनी जाहीर केलं की ते दोन्ही दिवस तेच आम्हाला फिरवतील. हे यजमान म्हणजे ज्यांना मी वेरूळला नेलं होतं तेच. त्यांच्या स्वरात मला हिशेब फेडायला निघालेल्या माणसाचा निश्चय ऐकू आला.

दुसरी गोष्ट, आमच्या शेडच्या शटरचं माप अजून आलेलं नाही. मशीनची पेटी त्यातून आत जाईल की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. मी वाळूजला मेसेज टाकला. उत्तर आलं, "जाईल सर."

जेवण साडेअकराला. कॅन्टीनमध्ये त्या भागाचा मानाचा पदार्थ होता, माउलटाशन: मैद्याच्या पातळ पोळीत सारण भरून केलेल्या चौकोनी घड्या. सारण हिरवंगार दिसत होतं. मामांनी काटा उचलला, तेवढ्यात यजमानांनी, नशीब, तोंड उघडलं. गोष्ट अशी सांगतात की लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासात माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंना मांस खायचा मोह झाला. म्हणून त्यांनी ते बारीक करून पालकात मिसळलं आणि पोळीत लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. मामांनी काटा खाली ठेवला. आमच्यात एकादशीला साबुदाणा वडे, भगर, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि वर बर्फी खाऊनही देवापासून काही लपवावं लागत नाही, एवढं मी यजमानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मग तो उपवास कसा? या प्रश्नावर मी मशीनच्या हायड्रॉलिकचा विषय काढला.

बटाट्याची कोशिंबीर शाकाहारी असेल असं वाटलं होतं, पण स्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या या भागात, ती मांसाच्या रश्शात कालवतात. उरला प्रेट्झल. त्याच्या कणकेत काय असतं हे मी मुद्दाम विचारलं नाही आणि मामांनीही विचारू दिलं नाही.

मंगळवार

सोमवारी इथलं मर्सिडीजचं संग्रहालय बंद असतं. यजमानांनी हे अशा सुरात सांगितलं की मला त्यांच्यात माझा सख्खा भाऊ दिसला. म्हणून मंगळवारी. कारखाना चारला सुटला, संग्रहालय सहाला बंद होणार, मध्ये स्टुटगार्टची रहदारी. म्हणजे मोटारीचा सगळा इतिहास आम्ही साधारण दीड तासात बघितला. पाहुण्यांना मी कैलासला जेवढा वेळ देतो तेवढाच.

२००६ साली उघडलेली ही इमारत बघण्याची तऱ्हा मजेशीर आहे. आधी लिफ्टनं एकदम वरच्या मजल्यावर जायचं आणि मग गोल उतारावरून इतिहास बघत बघत खाली यायचं. मी यजमानांना म्हणालो, आमच्या राष्ट्रकूटांनीही आठव्या शतकात वरूनच सुरुवात केली होती. त्यांनी मान डोलावली, पण ते घड्याळाकडे बघत होते.

वर लिफ्टचं दार उघडलं की समोर मोटार नाही, घोडा. पेंढा भरलेला पांढरा घोडा. सोबत कैसर दुसरा विल्हेल्म याच्या नावावर सांगितलं जाणारं मत: आपला भरवसा घोड्यावर, मोटार काय, आज आहे उद्या नाही. मामा घोड्यासमोर बराच वेळ थांबले. "राजा काय वाईट बोलला नव्हता," ते म्हणाले, "घोड्याला पंक्चर नसतंय." यजमानांनी त्यांना हलक्या हातानं पुढे सरकवलं. तो स्पर्श मी ओळखला. सोळा नंबरच्या लेण्यात कुणी शिल्पापाशी रेंगाळला की मी अगदी तसाच कोपराला हात लावतो.

मामा खरे अडकले ते १८८६ च्या तीन चाकी गाडीपाशी. कार्ल बेंझनं पेटंट घेतलेली ही गाडी लोक विकत घेईनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन गाडी काढून निघाली, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला. तिकडे तिचं माहेर. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता, पेट्रोल पंप हा प्रकारच जगात नाही. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण घेतलं, टाकीत ओतलं आणि पुढे निघाली. इंधनाची नळी तुंबली तर टोपीची पिन घालून मोकळी केली. तार उघडी पडली तर मोज्याच्या पट्ट्यानं गुंडाळली. उतारावर ब्रेक लागेनात तेव्हा चांभाराकडून लाकडी ठोकळ्यांना चामडं ठोकून घेतलं.

मी हे सगळं भाषांतर करून सांगत होतो आणि मामांची मान हळूहळू ताठ होत होती. "म्हंजे गाडी बनवली नवऱ्यानं, पण चालवून दाखवली मेंटेनन्सनं." मी हे यजमानांना सांगितलं, त्यांनी शेजारच्या एका जर्मन कुटुंबाला सांगितलं, आणि ते कुटुंब मामांकडे बघून हसलं. मामांनी नमस्कार केला. पुढचे दोन मजले आम्ही जवळजवळ धावत उतरलो, कारण एका माहेरवाशिणीपुढे पंखांसारखी दारं उघडणाऱ्या लाखमोलाच्या स्पोर्ट्स कार मामांना फिक्या वाटल्या. मला तशा वाटल्या नाहीत, पण विचारतो कोण.

बाहेर पडायचा रस्ता दुकानाच्या अंगानंच. मीही पाहुण्यांना शेवटी हिमरूच्या दुकानात नेतो आणि त्यांनी काही घेतलंच पाहिजे असं अजिबात नाही, असं म्हणून दारात उभा राहतो. यजमान नेमके तसेच दारात उभे होते. मी किल्लीची साखळी घेतली. किंमत सांगत नाही. घरी जी सांगितली ती खरी नव्हे.

बुधवार

संध्याकाळी टीव्ही टॉवर. १९५६ चा, २१६ मीटरहून थोडा उंच, काँक्रीटचा असा टॉवर जगात हा पहिला. वरून शहर म्हणजे हिरवी परात, आणि तिच्या कडांवर चक्क द्राक्षांचे मळे. शहराच्या ऐन मध्यात. आपल्याकडे त्या उतारावर आतापर्यंत तीन ले-आउट पडले असते आणि चौथ्याची जाहिरात लागली असती.

त्याआधी बाड कान्श्टाटला खनिज पाण्याच्या झऱ्यावर थांबलो. युरोपात बुडापेस्टनंतर सर्वांत जास्त खनिज पाणी स्टुटगार्टातच आहे, असं यजमान अभिमानानं सांगत होते. माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष धारेवर होतं. ती नुसती पडत होती. कुणी भरत नव्हतं, खाली घागर नव्हती, नंबर नव्हते. मी लातूरचा. माझा हात आपोआप बंद करायची तोटी शोधू लागला. तोटी नव्हतीच. तेवढ्यात आईचा फोन आला. "काय करूलालास रे?" म्हटलं, पाणी वाहूलालंय ते बघूलालो. आई म्हणाली, "मग कुणाला तरी सांग की बंद करायला."

मामांनी ओंजळीनं घोट घेतला. चव लोखंडी, खारट, कोमट. यजमान उत्सुकतेनं बघत होते. मामा म्हणाले, "हे तर आमच्या बोअरचं पाणी." मी भाषांतर केलं की मामांना घरची आठवण आली. यजमान गहिवरले.

रात्री, म्हणजे स्वच्छ उन्हात, त्यांच्या घरी जेवण. जिन्यात एका दाराला छोटी पाटी लटकत होती. ती ज्याच्या दाराला, त्या आठवड्यात जिना, गॅलरी आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी त्याची. स्वाबियातली ही रीत पंधराव्या शतकापासूनची. या आठवड्याची पाटी यजमानांच्याच दारावर होती. प्रोजेक्ट मॅनेजर माणूस, हाताखाली चाळीस जण, आणि शनिवारी सकाळी हातात झाडू घेऊन फुटपाथवर. मामांनी पाटीचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकायला बोट नेलं आणि मागे घेतलं. "नको. उगं तिकडं कल्पना येतील."

जेवायला पांढरा अ‍ॅस्परॅगस. याचा हंगाम चोवीस जूनला संपतो, म्हणून त्याआधी सगळा देश तो खात सुटतो. उकडलेला असतो. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. मामांनी सोबत आणलेली कारळाची चटणी काढली, उकडलेल्या बटाट्यावर घातली, वर लोणी. यजमानीणबाईंनी चमचाभर मागितली, मग आणखी मागितली. यजमानांनी एकदाच घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. वेरूळच्या ढाब्यावर शेवभाजी खाताना त्यांचं हेच झालं होतं.

गुरुवार

उल्म. यजमानांनी आठला निघायचं ठरवलं होतं. आठला पाच कमी असताना खाली गेलो तर ते गाडीत बसून होते, पण आठ वाजेपर्यंत त्यांनी काच खाली केली नाही. हायवेवर प्रसाधनगृहाला एक युरो घेतात आणि बदल्यात एक युरोचं कूपन देतात. ते तिथल्याच दुकानात चालतं, आणि त्या दुकानात एक युरोला काहीच मिळत नाही. मामांनी कूपन पाकिटात विठोबाच्या फोटोमागे ठेवलं. अजून आहे.

उल्मचं चर्च लांबूनच दिसतं, देवगिरी दिसतो तसं: आधी टोक, मग बराच वेळ फक्त टोकच. उंची १६१.५३ मीटर. १८९० मध्ये पुरं झालं तेव्हापासून २०२५ पर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च हेच. मग बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियानं जेमतेम दीड मीटरनं मागं टाकलं. हे सांगताना यजमानांचा आवाज खाली गेला, आणि ते लगेच म्हणाले की ते तर अजून अपुरंच आहे. पाया कधी घातला, मामांनी विचारलं. १३७७. मामांनी बोटांवर हिशेब केला. पाचशे वर्षांच्या वर? यजमान म्हणाले, मध्ये १५४३ पासून तीनशे वर्षं काम बंदच होतं. पैसे, राजकारण, धर्मातल्या भानगडी. मामांना पहिल्यांदाच जर्मनी आपला वाटला. "आमच्या बायपासच्या पुलाचं काय वाईट चाललंय मग?"

वरपर्यंत ७६८ पायऱ्या. जिना गोल, दगडी आणि वर जाताना अरुंद होत जाणारा. दौलताबादच्या अंधारीत मशाल घेऊन पुढे जाणारा मी इथं मामांच्या टाचा बघत चढत होतो. मधल्या सज्जावर पोचलो आणि तिघांनीही एकमेकांकडे न बघता ठरवलं की इथूनही चांगलंच दिसतं. यजमान धापा टाकत म्हणाले, हवा स्वच्छ असेल तेव्हा इथून आल्प्स दिसतात. समोर पांढुरकं धुकं. मला फार बरं वाटलं. अजिंठ्याला मी दर मे महिन्यात कोरड्या कड्याकडे बोट दाखवून सांगतो की पावसाळ्यात इथून धबधबा कोसळतो. पाहुण्याला दाखवायची सर्वांत सुंदर गोष्ट तो आलेल्या दिवशी हजर नसते, हा नियम युरोपातही लागू आहे तर. मी विचारलं, तुम्ही कधी पाहिलेत? ते म्हणाले, शाळेच्या सहलीत आलो होतो तेव्हा. त्यानंतर आजच.

खाली गावभर चिमण्या. दुकानाच्या दारात, चौकात, कारंज्याशी, चर्चच्या छतावरसुद्धा. गोष्ट अशी, की चर्चसाठी एक मोठी तुळई आणली ती वेशीतून आत जाईना, कारण लोकांनी ती आडवी धरली होती. वेस पाडायचं ठरत होतं. तेवढ्यात चोचीत काडी घेऊन एक चिमणी आली आणि घरट्याच्या फटीत काडी लांबीकडून सरकवली. मग गावाला अक्कल आली. गोष्ट संपवून यजमान माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "शटरचं माप आलं का?"

त्याच क्षणी मी वाळूजला पुन्हा मेसेज टाकला, या वेळी चिमणीच्या फोटोसकट. उत्तर आलं, "छान फोटो सर."

आइन्स्टाइन इथलाच, १८७९ चा. गावात त्याच्या नावाचं कारंजं आहे, त्यावर त्याचं जीभ बाहेर काढलेलं तोंड. पण बाळ जेमतेम सव्वा वर्षाचं असताना घरचे म्युनिकला गेले. तरी उल्म त्याला सोडायला तयार नाही. मामा यावर उल्मच्या बाजूनं ठाम उभे राहिले. "आमच्या जिल्ह्यात जांब आहे. रामदास स्वामींचा जन्म तिथला, १६०८ चा. पण लोक निघतात कुठं? सज्जनगडला. साताऱ्याची चैन हाये नुसती." यजमानांना हे सांगायला मला डॅन्यूबच्या काठानं चालत बराच वेळ लागला. याच नदीवर १८११ मध्ये इथल्या एका शिंप्यानं स्वतः केलेले पंख लावून उडी मारली होती, राजघराण्यातली मंडळी बघत असताना, आणि सरळ पाण्यात पडला. त्याचं नाव गाव अजून कौतुकानं घेतं. त्या काळी मात्र लोक त्याच्यावर इतके हसले की त्याचं दुकान बसलं.

शुक्रवार

हायडेलबर्ग. फ्रेंचांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेला किल्ला, आणि तो पडका आहे म्हणूनच लोक बघायला येतात. इथल्या विद्यापीठाचा विद्यार्थ्यांसाठी स्वतःचा तुरुंग होता, १७७८ ते १९१४. रात्री दंगा केला, डुकरं सोडली, की आत. पण तिथून लेक्चरला जायची मुभा असायची. मला तर ती शिक्षेचाच भाग वाटली.

किल्ल्याच्या तळघरात पिंप. पिंप म्हणजे मी शब्द वापरतोय म्हणून. दुमजली घराएवढं लाकडी धूड आडवं पडलंय, वर चढायला जिने आणि माथ्यावर नाचायला जागा. १७५१ चं, १३० ओक झाडांचं, सुमारे २ लाख २० हजार लिटरचं. शेतकऱ्यांकडून कराच्या रूपानं येणारी वाइन सगळी एकत्र यात ओतायची. मी खाली उभा राहून हिशेब करत होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होतं. गाडीला लोकांनी हार घातले होते. म्हणजे जवळजवळ अर्धी रेल्वे या लोकांनी तळघरात ठेवली होती, आणि तीही वाइनची.

नेमका तेव्हाच मागून आवाज आला, "अहो, इकडे या, इथून पूर्ण पिंप येतंय." मराठी. टोप्या एकसारख्या, पुढे झेंडीवाला. पुण्याचा ग्रुप. एका काकांनी मामांची माळ ओळखली.

"कुठले तुम्ही?"

"जालना. हे सायेब लातूरचे."

"अरे वा, लातूर!" काकांनी माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीनं बघितलं. "मग, आता पाणी येतं का?"

मी म्हटलं येतं. काकूंनी लगेच पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, राहू द्या हो. बाटली परतीच्या ठेवीची होती. मामांनी ती रिकामी व्हायच्या आत ताब्यात घेतली.

पिंपाच्या समोर पेर्केओचा पुतळा. दरबारातला बुटका विदूषक, पिंपाचा राखणदार. लहानपणापासून वाइनशिवाय काही प्यायला नाही आणि ठणठणीत म्हातारा झाला, असं सांगतात. शेवटी आजारी पडला तेव्हा वैद्यानं पाणी प्यायला सांगितलं. एक पेला प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुण्याच्या ग्रुपमध्ये यावर हशा पिकला. मामा हसले नाहीत. ते खाली वाकून पुतळ्याशेजारच्या पेटीकडे बघत होते. पेटीला कडी होती, आणि मेंटेनन्सचा माणूस कडी दिसली की ओढतो. आतून कोल्ह्याची शेपटी फाडकन त्यांच्या तोंडावर आली. यजमान सकाळपासून याच क्षणाची वाट बघत होते, हे त्यांच्या हसण्यावरून कळलं. गडी डोळे पुसत होता. मामा सावरले, पेटी पुन्हा नीट बंद केली, कडी ओढून शेपटी आणखी दोनदा उडवून बघितली आणि म्हणाले, "स्प्रिंग चांगली हाये. तेल दिलेलं दिसतंय."

शनिवार

सकाळी सुपर मार्केटात मामांनी आठवड्याच्या बाटल्या यंत्रात एकेक करून घातल्या. यंत्र बाटली ओढून घेतं, आत चुरडल्याचा आवाज येतो आणि आकडा वाढतो. मागे रांग लागली, पण कुणी कुरकुरलं नाही. आलेल्या पैशांत नातवंडांची चॉकलेटं झाली. कोकिळेचं घड्याळ बघितलं, किंमत बघितली, कोकीळ आपल्याकडं फुकट ओरडते असं मामांनी तिथंच जाहीर केलं.

यजमान विमानतळावर सोडायला आले, फुटपाथ झाडून. मशीन बसवायला नोव्हेंबरअखेर त्यांना वाळूजला यायचंय. मी सवयीनं खिशातली डायरी काढली: सोमवार अजिंठा नको, मंगळवार वेरूळ नको, बुधवारी पैठण, जायकवाडी. यजमान मध्येच म्हणाले, वेरूळ बघितलंय. या वेळी तुम्ही स्वतः जिथं जाता तिथं न्या. मी अडलो. मी स्वतः कुठं जातो? एमआयडीसीत आणि भाजी मंडईत.

मामा मदतीला आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न त्याच आठवड्यात, जालन्याला. दीड हजार पान उठणार, बँड आहे, घोडा आहे. "पेंढ्याचा नाय, जिता." यजमानांना फार आनंद झाला. त्यांनीही डायरी काढली आणि लग्न किती वाजता लागतं ते विचारलं.

"बारा पस्तीस," मामांनी मुहूर्त सांगितला.

त्यांनी १२.३५ लिहिलं, खाली रेघ मारली आणि चिंतेच्या स्वरात मला विचारलं, "दहा मिनिटं आधी पोचलो तर चालेल ना?"